आढाव सरांची हद्दपारी

"दरेकर, उभ्या राहा."

मी उभी राहिले. त्या महिन्यात मी वर्गात बसले कमी आणि उभीच जास्त होते.

"अथेन्समध्ये नागरिक कुणाला म्हणत?"

"ज्याचे आईबाप दोघंही अथेन्सचे, त्याला."

"आणि?"

"आणि तो पुरुष असला तर."

"आणि?"

"वयात आलेला असला तर."

"आणि?"

"एवढंच माहीत आहे, सर."

"एवढंच आहे," आढाव सर म्हणाले. "पण तुम्हाला खात्री नव्हती. ज्याला खात्री नाही त्यानं बसू नये. राहा उभ्या."

उत्तर बरोबर देऊन शिक्षा झालेली जगातली मी पहिलीच विद्यार्थिनी असेन. माझ्या शेजारच्या बाकावर दस्तगीर बागवान तोंडावर हात धरून हसत होता. सरांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि चष्मा योहान पाटोळेवर रोखला.

"पाटोळे, तुम्ही पाद्री होणार ना?"

"होय सर. प्रभूची इच्छा असली तर."

"तुमच्या मंडळीची मला आत्तापासून दया येते. कालचा निबंध पुन्हा लिहा."

"सर, तो मी दोनदा लिहिला."

"म्हणून तर म्हणतोय, पुन्हा."

योहाननं मान खाली घातली आणि "बरं सर" म्हणाला. मला सरांपेक्षा त्या "बरं सर"चाच जास्त संताप आला.

हे सोनवडच्या मिशन कॉलेजातलं. संयुक्त महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. पाद्री होणाऱ्यांना नव्या करारासाठी ग्रीक यावी म्हणून कुण्या गोऱ्या साहेबानं तिथं कधीकाळी एक विभाग काढला होता. साहेब गेला, विभाग राहिला. चॅपलच्या मागच्या कौलारू खोलीत तो भरे आणि त्यात आढाव सर प्राचीन ग्रीस आणि रोम शिकवत. ते एकटेच शिकवत आणि आम्ही सहाजण शिकत होतो. योहान राहुरीकडच्या एका खेड्यातल्या उपदेशकाचा मुलगा, तो मनापासून आला होता. बागवानच्या बापाचा फळांचा गाडा कॉलेजच्या फाटकाशीच असे, त्यामुळे कुठलाही विषय घेतला तरी त्याला चालणार होतं. उजागरे बहिणी एकमेकींना सोडून राहत नसत, म्हणून जोडीनं आल्या. त्रिंबक काळे का आला ते त्यानं कधी सांगितलं नाही, कारण तो बोलतच नसे. आणि मी अर्थशास्त्राच्या रांगेत उशिरा पोचले म्हणून आले. साखर कारखान्यातल्या माझ्या वडिलांना शेवटपर्यंत वाटत होतं की मी भूगोल शिकते आहे.

विभाग त्या वर्षी बंद पडायच्या बेतात होता. दिवाळीच्या सुमाराला विद्यापीठाची समिती येणार होती आणि प्रिन्सिपॉलसाहेबांनी सरांना बजावलं होतं, समिती येईपर्यंत एक जरी तास बुडाला तरी मी तुमच्या बाजूनं बोलणार नाही. मूर्तिपूजकांचे देव चॅपलच्या पाठीला पाठ लावून बसलेले त्यांना तसेही खपत नव्हते.

हे सगळं एकवेळ सोसलं असतं. पण सरांची बायको, सगुणाबाई, मिरजेच्या दवाखान्यात होती.

सगुणाबाई आमच्या वसतिगृहाच्या देखरेखीला होत्या. मी पहिल्यांदा घर सोडून आले तेव्हा रोज रडायची. तेव्हा त्यांनी मला सल्ला दिला नाही, की बायबलमधलं वचन ऐकवलं नाही. त्यांनी मला चुलीपुढं बसवून भाकरी थापायला लावलं. "रडायचं तर रड," म्हणाल्या, "पण हात चालू ठेव. पिठाला पाणी कमी लागंल." मला त्यांचा लळा लागला तो तिथं.

पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांचा खोकला वाढला आणि त्यांना मिरजेला न्यायचं ठरलं. त्यांचा भाचा घेऊन जाणार होता. मी वळकटी उचलून स्टेशनवर गेले होते, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलंय.

गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून सरांचा हात धरला. "अहो, मागल्या साली माझ्यापाशी महिनाभर येऊन बसलात, तर त्यांनी लॅटिनचा वर्ग मोडला. खरं का नाही?"

"खरं," सर म्हणाले.

"या खेपेला तसं करायचं नाही. ती समिती येऊन जाईस्तोवर तुम्ही आपणहून वर्ग सोडायचा नाही. माझं काहीही होवो. शब्द द्या."

"सगुणा, हे कुठं बोलायचं?"

"शब्द द्या, नाहीतर मी उतरते."

आणि त्या वाळक्या बाईनं खरंच पाय खाली टाकला. सरांनी शब्द दिला. आता आढाव सरांचा शब्द म्हणजे काय, हे सोनवडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा त्यांनी चुकून एका पोराला "उद्या भेटतो" म्हटलं आणि उद्या रविवार निघाला, तर हा माणूस उपासना झाल्यावर त्याच्या गावी चालत गेला होता. त्यांनी खोटं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. गाडी हलली तेव्हा मला त्या दोघांचाही राग आला. एकानं असलं मागू नये आणि दुसऱ्यानं असलं देऊ नये.

मला तासभर उभं केलं त्याच दिवशी संध्याकाळी वसतिगृहातली जुनी मुलगी, मिरजेला नर्सिंग शिकणारी, सुटीवर आली. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "वत्सला, बाईंचं काही खरं नाही. रात्रंदिवस दाराकडं बघतात. तोंडानं म्हणतात, नका बोलावू, आणि बघतात दाराकडं. सरांना धाड."

मी तशीच सरांच्या बंगलीवर गेले. सर स्टोव्हशी झटत होते. खोलीभर रॉकेलचा वास सुटला होता. योहाननं वसतिगृहातून आणून दिलेली भाकरी ताटात तशीच पडली होती.

"सर, तुम्हाला मिरजेला जायला हवं."

"मला माहीत आहे, दरेकर."

"मग जा ना."

"मी शब्द दिला आहे. तुम्ही तिथं होतात."

"सर, बाई दाराकडं बघत असतात."

सर स्टोव्हला पिन मारत राहिले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील.

"हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही," ते म्हणाले. "आणि जाताना ती भाकरी पाटोळेला परत द्या. म्हणावं, कच्ची आहे."

मी भाकरी उचलली. चांगली खरपूस भाजलेली होती. त्या क्षणी स्टोव्ह उचलून त्यांच्या पुस्तकांवर ओतावा असं मला खरोखर वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बागवानच्या बापाच्या गाड्यामागं जमलो. सीताफळांचा हंगाम होता. गाड्याखाली बसून आम्ही बिया थुंकत होतो आणि मी तावातावानं बोलत होते.

आमच्या विभागात एक रीत होती. अथेन्सचे लोक वर्षातून एकदा मतदान घेत, पण कुणाला निवडून आणायला नव्हे, कुणाला तरी घालवायला. ज्याच्यामुळं गावाला त्रास होतोय असं वाटे त्याचं नाव मडक्याच्या खापरीवर कोरायचं. पुरेशी नावं पडली की त्या माणसानं दहा वर्षं गाव सोडायचं. आढाव सर हे नुसतं शिकवत नसत, करवून घेत. दर वर्षी नाताळानंतर चॅपलमागं पडलेल्या फुटक्या कौलांचे तुकडे यायचे, एक खिळा फिरायचा आणि ज्याचं नाव सहा खापऱ्यांवर येईल त्याला दहा दिवस वर्गात पाऊल टाकायची बंदी. बाकीच्यांनी त्याला टिपणं पोचवायची. सरही दर वर्षी एक खापरी टाकत, कुणाच्या नावाची ते कधी कळलं नाही. सहा नावं बहुधा पडतच नसत. एकदाच, आमच्या आधीच्या एका गायनप्रेमी विद्यार्थ्याला पडली होती.

"सरांनाच हद्दपार करायचं," मी म्हणाले. "आपणहून वर्ग सोडायचा नाही असा शब्द आहे ना? मग आपण घालवू. स्वतःचाच नियम ते मोडणार नाहीत. आणि तास बुडू द्यायचे नाहीत. रोज आपल्यातल्या एकानं उभं राहायचं."

बागवाननं मांडीवर थाप मारली. "वा रे वा. सरांच्या डोक्यावर सरांचंच खापर."

उजागरे बहिणींनी एकमेकींकडं पाहून माना हलवल्या. त्रिंबक काळेनं बी थुंकली, हा त्याचा होकार होता. राहिला योहान.

"आपल्याच्यानं न्हाई व्हायचं," योहान म्हणाला.

"का?"

"गुरूला कुणी भाईर काढतं का? मास्तर हाय तो आपला."

"अरे, त्यांच्या भल्यासाठी!"

"भल्यासाठी म्हनूनच सगळे वाईट करत्यात. तू सांग त्यास्नी जायला. मी बी सांगतो. पन मी त्यांचं नाव कोरून त्यांच्या म्होरं टाकनार न्हाई."

"सांगून झालं. आणि तुला काय वागवतात ते बघतोयस ना? भाकरी कच्ची म्हणून परत पाठवली."

"असंल कच्ची," योहान म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. सर एक आणि योहान एक, दोघंही एकाच कारखान्यातले. आम्ही पाच आणि लागणार सहा. पण तासातासाला पोरगा अपमान गिळतोय, आठवड्याभरात त्याचंही डोकं फिरेल, असा बागवानचा हिशेब होता आणि तो मला पटला.

शनिवारी मी वर्गात उठून उभी राहिले. उभी राहा म्हणायच्या आधीच राहिले म्हणून सर जरा चकित झाले.

"सर, या वर्षी खापऱ्यांचं मतदान आत्ता घ्यावं, अशी वर्गाची मागणी आहे."

"कारण?"

"वर्गातला एक माणूस असह्य झालाय."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "एकच?"

बागवान फिसकन हसला.

"नियम सांगा," सर म्हणाले.

मी सांगितले. आरोप करावा लागत नाही, पुरावा लागत नाही, बचाव करता येत नाही, कोरी खापरी टाकता येत नाही. ही शिक्षा नाही. जाणाऱ्याचं घर त्याचंच राहतं, जमीन त्याचीच राहते, अब्रूला धक्का लागत नाही. मुदत संपली की तो परत येतो आणि आपल्या जागेवर बसतो.

"सर," बागवाननं निरागस तोंड करून विचारलं, "तुमचं नाव लिहिलं तर चालतं का?"

"या खोलीत जो बसतो तो नागरिक," सर म्हणाले. "मी बसतो का? पाटोळे, तुम्ही उत्तर द्या."

"बसता सर. तुमचं नाव चालतं," योहान म्हणाला, "पन कुनी लिहिनार न्हाई."

सर एकदम भडकले. एवढं भडकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "कुणी लिहिणार नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? तुम्हाला आपला तरी हक्क वापरता येतो का? पाद्री म्हणे! मेंढपाळ व्हायचंय आणि जन्म मेंढरात चाललाय. बाहेर जा."

योहान गेला. खिडकीतून त्याचा सदरा दिसत होता, तास संपेपर्यंत तो तिथंच उभा होता. मतदान पुढच्या शुक्रवारी ठरलं. अथेन्सचे लोकही विचाराला वेळ देत, असं सर म्हणाले.

तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. माझ्यावर त्यांनी काय काय केलं ते सोडाच, पण योहानचा त्यांनी पिच्छा पुरवला. त्याला प्रभूची प्रार्थना ग्रीकमध्ये म्हणायला लावली आणि दर शब्दाला अडवलं. निबंध प्रिन्सिपॉलसाहेबांच्या देखत परत केला. तो सकाळी त्यांच्याकडं पाणी भरायला जायचा, तर म्हणाले, पाण्याला वास येतो, उद्यापासून येऊ नका. तरी तो दुसऱ्या दिवशी गेला आणि बादली दाराशी ठेवून आला. आणि हे सगळं होताना मिरजेहून आणखी एक निरोप आला. मी तो सरांच्या कानावर घातला, तर त्यांनी मला रोमन सम्राटांची वंशावळ उलटी म्हणायला लावली.

"आता तर पाटोळे पण लिहिणार," बागवान मला म्हणाला. "माणूस आहे का काय आहे तो? दगडाला पण राग येईल."

शुक्रवारी सर स्वतःच कापडी पिशवीतून कौलांचे तुकडे घेऊन आले. टेबलावर माळ्याचं घमेलं ठेवलं. खिळा एकच होता, तो सगळ्यांत फिरला. प्रत्येकानं पाठमोरं होऊन कोरायचं आणि खापरी पालथी टाकायची. माझं मी ठसठशीत कोरलं. एका माणसाला त्याच्या बायकोपाशी पाठवायला आणखी काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि एका खापरीनं जर बिघडलं तर बाई दाराकडं बघत बघतच जाणार होत्या. योहान पाठ करून बराच वेळ उभा राहिला. त्याच्या कोरण्याचा कर्रकर्र आवाज मात्र आला. म्हणजे कोरी टाकली नाही, एवढं मला कळलं. शेवटी सरांनी खिळा घेतला, खिडकीकडं तोंड केलं आणि आपली खापरी टाकली.

मग ते एकेक उचलून वाचू लागले.

"आढाव." खापरी टेबलावर.

"आढाव."

"आढाव."

"दरेकर."

मी दचकले. बागवाननं माझ्याकडं पाहिलं. सरांच्या आवाजात काडीचाही फरक नव्हता.

"आढाव."

"आढाव."

एक उरली. सरांनी ती उचलली. कौलाची लाल धूळ त्यांनी रुमालानं पुसली, मग रुमालाची घडी घातली आणि तो खिशात ठेवला. मला ओरडावंसं वाटत होतं.

"आढाव," ते म्हणाले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायचं आधी ठरलं होतं, पण हात उचलले नाहीत. सर वाद घालतील म्हणून मी उत्तरांची तयारी करून आले होते, तीही वाया गेली.

"नियमाप्रमाणे सूर्यास्ताच्या आत," सर म्हणाले. "वर्ग कोण घेणार?"

"आम्ही सर. रोज एकेक जण. घंटेला."

"हजेरी घ्या. रोमन रस्त्यांचं प्रकरण दरेकरांनी घेऊ नये, त्यांना खात्री नाही. बागवाननं घ्यावं."

एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली आणि ते निघाले. बंगलीकडं वळलेच नाहीत, फाटकातून थेट एसटीच्या थांब्याकडं गेले. रिकामी व्हायला हवी ती पिशवी चांगली फुगलेली दिसत होती. उरलेली कौलंही बरोबर नेतोय का हा माणूस, असं माझ्या मनात आलं.

"झालं की काम," बागवान म्हणाला. "पण तुला पण एक पडलं."

"ते सरांचं. दुसरं कुणाचं असणार?" माझा आवाज रडका झाला. मी त्या माणसासाठी जिवाचं रान केलं आणि त्यानं खिळा घेऊन माझं नाव कोरलं होतं. मग मला योहानची आठवण झाली. तो टेबलापाशी खापऱ्या गोळा करत होता.

"योहान, शेवटी शहाणा झालास," मी म्हणाले.

योहाननं वर पाहिलं नाही. खापऱ्या घमेल्यात भरून तो चॅपलमागं टाकायला गेला.

ते दहा दिवस आम्ही वर्ग चालवला. प्रिन्सिपॉलसाहेब एकदा खिडकीशी येऊन थांबले, तेव्हा बागवान फळ्यावर रोमन रस्ता काढून गाड्याचं चाक कुठं रुततं ते समजावत होता. साहेब तसेच परत गेले. त्रिंबक काळे आपल्या पाळीला पाऊण तास सलग बोलला, आणि चांगला बोलला. त्यानंतर त्यानं पुन्हा तोंड मिटलं.

मुदत संपली त्या सकाळी घंटेला सर वर्गात आले. दाढी वाढली होती, कोटाला काळी फीत लावली होती. आम्ही सगळे उभे राहिलो. ते खुर्चीवर बसले, मग त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले.

"सगुणाबाई गुरुवारी पहाटे गेल्या," सर म्हणाले. "मी जवळ होतो. सहा दिवस होतो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, वर्ग सोडून आलात? मी म्हटलं, मला हद्दपार केलं. त्या हसल्या. हसताना फार खोकला आला. मग म्हणाल्या, समद्या पोरांनी मतं दिली का? मी म्हटलं, लागतात तेवढी पडली."

उजागरे बहिणी रडायला लागल्या. सरांनी पुस्तक उघडलं.

"दरेकर, बसा. या खेपेला तुम्हाला खात्री होती. कुठपर्यंत आलो होतो आपण?"

समिती आली आणि गेली. आणखी काही वर्षं विभाग चालला, मग विद्यार्थीच येईनासे झाले. योहानला त्या दिवसानंतर सर कधी एका शब्दानंही रागावले नाहीत. उलट परीक्षेनंतर आपला ग्रीक नवा करार त्याला देऊन टाकला. मला मात्र त्या खापरीचं शल्य राहिलं. पुढं मी मास्तरीण झाले, मुख्याध्यापिका झाले, सरांना वर्षातून एकदा भेटत राहिले, पण माझं नाव का कोरलंत, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही. अभिमान आडवा आला. गेल्या उन्हाळ्यात सोनवडच्या जुन्या विद्यार्थ्यांची कुणीतरी चौकशी केली, तेव्हा कळलं की योहान राहुरीत असतो. मी गेले.

रेव्हरंड योहान पाटोळे आता थकला होता. सुनेनं अंगणातल्या कडुलिंबाखाली खुर्च्या टाकल्या. आम्ही सीताफळांवरून सुरुवात केली, बागवान दुबईला मुलाकडं असतो इथवर आलो आणि शेवटी सरांवर पोचलो.

"काही म्हण, माझ्यावर राग होता त्यांचा," मी म्हणाले. "मला एक मत दिलं ते दिलंच."

योहाननं कप खाली ठेवला.

"वत्सला, ते मत माझं व्हतं."

"काय?"

"मला तुझाच राग आला व्हता. गुरूला भाईर काढायला निघालीस म्हनून. खापरी कोरी टाकायची न्हाई असा नियम, मंग तुझं नाव घातलं. तू मला शहाना म्हनालीस तवा सांगायची लाज वाटली. मागनं वाटलं, जाऊ दे, काम तर झालं."

मी मनातल्या मनात खापऱ्या पुन्हा टेबलावर मांडल्या. आम्ही पाच. योहानची माझ्या नावाची. आणि तरीही आढाव हे नाव सहा वेळा आलं होतं. रुमालानं पुसलेली ती शेवटची खापरी. फुगलेली पिशवी. खापऱ्या तर सगळ्या टेबलावर काढल्या होत्या, मग पिशवीत काय होतं? कपडे होते. दुसरं काय असणार.

"मंग सहावी कुनाची?" योहाननं विचारलं. आयुष्यभर पाद्री राहून माणूस तसाच भाबडा राहिला होता.

"त्यांची," मी म्हणाले. "दुसरं उरलंच कोण?"

"न्हाई, न्हाई. त्यांनी बाईंना शब्द दिला व्हता. आपनहून जानार न्हाई म्हनून."

"तोच मोडला."

लिंबाच्या काड्या खाली पडत होत्या. मला सरांचा भयंकर राग आला. इतक्या वर्षांनी, माणूस मातीत गेल्यावर, पहिल्यापेक्षा जास्त आला. पोरांनो, मला जायचंय, माझ्याच्यानं राहवत नाही, एवढी दोन वाक्यं त्या माणसाला म्हणता आली नाहीत. त्यापेक्षा त्यानं सगळ्या वर्गाला छळ छळ छळलं.

"म्हनजे आठवडाभर माझ्यामागं लागले व्हते," योहान हळूहळू म्हणाला, "भाकरी परत धाडली, पानी नगं म्हनाले..."

"तुला चिडवायला. तुझं मत पडावं म्हणून. आम्ही पाच आहोत हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांना फक्त तुझं एक हवं होतं."

योहाननं चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसला. पुसून झाला तरी पुसतच राहिला.

"आनि मी दिलं न्हाई," तो म्हणाला. "मी दिलं असतं तर त्यांचा शब्द राहिला असता."

त्याच्या सुनेनं आतून विचारलं, आणखी चहा टाकू का.